मुकी घंटा

अमेरिकेंतील लहान गांवांत न्यायकचेरी बहुधा मध्यवस्तींत असते आणि तिच्यापुढील मोकळ्या जागेंत राष्ट्राभिमानाचीं चिन्हें मांडलेलीं दिसतात: कोठें जुनी तोफ, कोठें सैनिकांचें स्मारक, तर कोठें फिलाडेल्फियाच्या सुप्रसिद्ध स्वातंत्र्यघंटेची प्रतिकृति. मूळ घंटा १७५२ सालीं लंडनहून आली, चांचणीच्या ठोक्यासच तडकली व पुढील वर्षीं फिलाडेल्फियांत पुन्हां ओतली गेली.

१९१५ सालीं मात्र पेनसिल्व्हानिया संस्थानांतील गांवोगांवच्या न्यायकचेऱ्यांपुढें एक निराळीच प्रतिकृति येऊन उभी राहूं लागली. कॅथरिन रुशेनबर्गर ह्या बाईंनीं सुमारें २,००० डॉलर वेंचून ती ट्रॉय येथील मेनीली कारखान्यांत ओतविली होती. वजन सुमारें २,००० पौंड. मूळ घंटेची भेग तिला नव्हती; न्यायाची स्थापना व्हावी अशा अर्थाचे दोन शब्द मात्र तिच्यावर अधिक होते. आंतील लोलक साखळीनें जखडलेला. स्त्रियांस मताधिकार मिळेपर्यंत ही घंटा वाजावयाची नाहीं, असा बाईंचा संकल्प! आपल्याकडे देवपूजेच्या आरंभीं घंटानाद करितात. येथें घंटा घडवून तिलाच मौनव्रत दिलें. कायद्यानें ज्यांच्या तोंडास कुलूप घातलें होतें, त्यांची बाजू मांडण्यास ह्याहून समर्थ वक्ता मिळाला नसता, असें आम्हांस वाटतें.

मोटार-ट्रकवर चढवून ती संस्थानाच्या सर्व ६७ जिल्ह्यांतून फिरविली. लोक कुतूहलानें जमत, आणि ट्रकवरूनच स्त्रिया व्याख्यानें देत. नोव्हेंबरांत मतदान झालें. मत देणारे अर्थात् सारे पुरुषच. म्हणजे ह्याच स्त्रियांचे पति, बंधु आणि पुत्र. अनुकूल मतें सुमारें ३,८५,००० पडलीं, प्रतिकूल ४,४१,०००. साखळी तशीच राहिली.

पांच वर्षें गेलीं. १९२० च्या ऑगस्टांत घटनादुरुस्ति मंजूर झाली, आणि २५ सप्टेंबर रोजीं फिलाडेल्फियांत घंटा प्रथमच वाजली. दोरी ओढण्याचा मान बाईंच्या भाचीस मिळाला. दक्षिणेंतील कृष्णवर्णीय स्त्रियांचा हक्क मात्र १९६५ च्या कायद्यापर्यंत बहुतांशीं कागदावरच राहिला. घंटा आतां व्हॅली फोर्ज येथील वॉशिंग्टन स्मारक-मंदिरांत आहे.

ती वाजल्यानंतर वर्षभराच्या आंतच, १९२१ सालीं, मुंबईच्या कायदेकौन्सिलानेंही स्त्रियांस मत देण्याचा ठराव केला. परंतु मालमत्तेची अट कायम असल्यामुळें आपल्या आज्या-पणज्यांपैकीं फारच थोड्यांस तो उपयोगीं पडला. ती अट सुटून सर्व प्रौढ स्त्रियांस मताचा हक्क लाभला, तो १९५१-५२ च्या निवडणुकींत.