मुलाची छाती वाढली तर

आजचा विषय बोलायला आम्ही दोन महिने लावले. रेकॉर्डिंगच्या खोलीत बसलो तरी पहिली पाच मिनिटं एकमेकींकडे बघून हसूच येत होतं. पाळीवर बोलताना आता आम्ही अडखळत नाही. पांढऱ्या पाण्यावर बोलतो, गर्भपिशवीवर बोलतो. पण मुलाच्या, पुरुषाच्या छातीवर बोलायचं म्हटलं की तोंडाला कुलूप.

विषय निघाला तो कर्जाच्या मागणीवरून. गटातल्या एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं, तीस हजार. कारण विचारलं तर म्हणाल्या, "दवाखाना." कुणाचा, कशाचा, ते सांगेनात. रजिस्टरला कारण लिहावं लागतं म्हणून आम्ही पुन्हापुन्हा विचारलं आणि त्या रडायलाच लागल्या. सगळ्यांसमोर विचारलं ही आमची चूक. नंतर बाजूला बसून त्यांनी सांगितलं. मुलगा नववीत. सहा महिन्यांपासून छाती मुलींसारखी दिसायला लागलेली. शाळेत पोरांनी नाव पाडलं. पोरगा भर मे महिन्यात आत दोन बनियन आणि वर शर्ट घालायचा. विहिरीवर पोहायला जाणं बंद, कबड्डी बंद, खेळाच्या तासाला रोज पोटात दुखणार. त्यानं स्वतःच मोबाइलवर ऑपरेशन शोधून काढलं होतं, आणि शहरातल्या एका दवाखान्यानं पोराला न बघताच फोनवर तारीख देऊ केली होती.

ताईंना विचारूनच हे सांगतोय. गावाचं नाव सांगत नाही.

कर्ज द्यायचं की नाही यावर बोलण्याआधी आम्ही ठरवलं, आधी माहिती घेऊ. ताई, त्यांचा मुलगा आणि गटातल्या आम्ही दोघी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

दुधाच्या गाठींचं मूळ मुलगा असो की मुलगी, दोघांच्याही छातीत असतं. आईच्या पोटात सुरुवातीला दोघांची घडण सारखीच असते, म्हणून तर पुरुषाला स्तनाग्रं असतात. बाईपणाचं म्हणतात ते संप्रेरक पुरुषाच्या अंगात थोडं असतं आणि पुरुषाचं बाईच्या अंगात थोडं असतं. वयात येताना दोन्हींची उलथापालथ होते. काही महिने पारडं बाईच्या संप्रेरकाकडे झुकलं की छातीतली ती गाठ वाढते. डॉक्टरी भाषेत याला गायनेकोमॅस्टिया म्हणतात. वयात येणाऱ्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना हे थोडंफार होतं, बहुतेक बारा ते चौदा वर्षांच्या दरम्यान. कधी एकाच बाजूला, कधी दोन्हीकडे. हात लागला तर दुखतंही. आणि बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप बसतं.

निम्म्या मुलांना! आम्ही डॉक्टरांना दोनदा विचारलं. म्हणजे त्याच्या वर्गात जी पोरं त्याला चिडवत होती, त्यातल्या कित्येकांच्या शर्टाखाली तेच होतं. त्यांचं कमी दिसतं, याचं जास्त दिसतं, एवढाच फरक. पण कुणी बोलत नाही, म्हणून प्रत्येकाला वाटतं की जगात आपण एकटेच.

अंगानं भरलेल्या मुलांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे नुसती चरबी असू शकते. उताणं झोपून अंगठा आणि बोट दोन्ही बाजूंनी स्तनाग्राकडे आणलं तर गाठ असेल तिथे बोंडाखाली रबरासारखी चकती लागते. चरबी असेल तर सगळं एकसारखं मऊ लागतं. हे मुलाला सांगायचं, तो स्वतः बघेल. आपण त्याचा शर्ट वर करायचा नाही. चरबी खाण्यावर लक्ष ठेवून आणि व्यायामानं कमी होते. गाठ जोर-बैठका काढून विरघळत नाही, आणि हळदीचा लेप लावून, कापड आवळून बांधूनही नाही. कापडानं श्वास कोंडतो आणि उन्हाळ्यात घामोळं येतं, ते वेगळंच.

जाता जाता नवजात बाळाचं सांगायलाच हवं, कारण हे आपल्याच हातानं होतं. जन्मल्यावर काही दिवस बाळाची छाती फुगलेली असते, मुलगा असला तरी. कधी दुधासारखा थेंब येतो. आईच्या अंगातलं संप्रेरक बाळात उतरलेलं असतं, त्याचा हा परिणाम. काही आठवड्यांत जातो. पण न्हाऊ घालणाऱ्या बाई "दूध काढते" म्हणून ती छाती पिळतात. त्यानं जंतुसंसर्ग होतो, पू होतो. आमच्यातल्या दोघींच्या बाळांच्या छात्या पिळल्या गेल्या आहेत आणि आम्ही शेजारी बसून बघत होतो. आता कुणी पिळायला लागलं तर हात धरा, मग त्या आजी रुसल्या तरी चालतील.

मोठ्या पुरुषांत, विशेषतः पन्नाशीनंतर, हे पुन्हा दिसतं. तिथे कारण शोधावं लागतं. काही औषधांनी होतं. हृदयाच्या किंवा लिव्हरच्या आजारात अंगातलं पाणी कमी करायला स्पायरोनोलॅक्टोन नावाची गोळी देतात, तिच्यानं होतं. प्रोस्टेटच्या काही औषधांनीही होतं. पण म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. डॉक्टरांना सांगायचं, ते बदलून देऊ शकतात. किडनीच्या, थायरॉइडच्या आजारातही होतं. आणि दारू. वर्षानुवर्षं पिऊन लिव्हर खराब झालं की पोटात पाणी होतं, तळहात लाल दिसतात आणि छाती वाढते. हे चित्र आपल्यापैकी किती जणींनी घरात पाहिलंय, ते इथे मोजायला नको. तरुण पोरांत आणखी एक कारण आलंय, जिममधली स्टेरॉइडची इंजेक्शनं. शरीर बनवायला म्हणून घेतात आणि छाती वाढून बसते.

लगेच दवाखाना कधी? गाठ दगडासारखी कडक, एकाच बाजूला आणि बोंडापासून बाजूला सरकलेली असेल, बोंडातून रक्त येत असेल, बोंड आत ओढलं गेलं असेल, कातडी आक्रसली असेल, काखेत गाठ असेल तर. अंडकोषात गाठ किंवा सूज असेल तरीही, कारण तिथली गाठ संप्रेरकं बिघडवते. वयात येण्याआधीच लहान मुलाची छाती वाढली तर, किंवा दोन वर्षं झाली तरी बसली नाही तर. स्तनांचा कर्करोग पुरुषांनाही होतो. शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतो. कमी आहे, पण पुरुष लाजेनं उशिरा येतात आणि तोवर आजार पुढे गेलेला असतो.

उपचाराचं असं आहे. मुलगा वयात येत असेल आणि तपासणीत दुसरं काही नसेल तर वाट बघायची, हाच उपचार. फार दुखत असेल, फार वाढली असेल तर सुरुवातीच्या महिन्यांत डॉक्टर गोळ्या देतात. वर्ष उलटून गेलं की गाठ घट्ट होते आणि गोळ्यांचा उपयोग कमी होतो. मग ऑपरेशन. ऑपरेशन करणं चूक नाही, पण चौदाव्या वर्षी, वाढ चालू असताना घाईनं केलं तर गाठ पुन्हा वाढू शकते. तीस हजार जातील आणि दुःख तिथेच राहील.

मुलांची घाई मात्र आम्हाला समजते. आपल्याकडच्या निम्म्या पोरांचं स्वप्न भरतीचं. पोलीस भरतीत छाती मोजतात, न फुगवता ७९ सेंटीमीटर आणि फुगवून ५ सेंटीमीटर जास्त, आणि रांगेत उघड्या अंगानं उभं राहायचं. सैन्याच्या वैद्यकीय तपासणीत ठळक वाढ असेल तर अडवतात. पोराच्या पोटात गोळा येणारच.

आणि तरी एक गोष्ट बघा. वारीत चंद्रभागेवर शेकडो म्हातारे उघड्या अंगानं आंघोळ करतात. देवळाच्या ओट्यावर गावातले पुढारी धोतरावर बसलेले असतात, छाती लोंबत असते. कुणी हसतं का? पैसा, वय, मान असेल तर तेच शरीर चालतं. हसतात ते चौदा वर्षांच्या पोराला. आणि हसताना काय म्हणतात? "बायल्या." "पोरीसारखा." म्हणजे शिवी त्याला आणि कमीपणा आपल्याला. आम्ही त्या दिवशी बैठकीत हसलो होतो. एकीनं "आईनं दूध जास्त पाजलं" म्हटलं आणि सगळ्या हसल्या, ताईंसमोर. ते आठवलं की अजून मान खाली जाते.

छाती वाढली म्हणून मुलगा पुरुष राहत नाही, असं काही नाही. वयात येतानाच्या या वाढीमुळे पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. बापाला हे मुद्दाम सांगा, कारण घरात सगळ्यात घाबरलेला तोच असतो आणि घाबरला की ओरडतो. मुलाशी एकदा नीट बोला, रोज रोज नाही. जेवायला वाढताना त्याच्या छातीकडे बघू नका, त्याला ते कळतं. सैल, गडद रंगाचा शर्ट घेऊन द्या. शाळेत खेळाच्या सरांना जाऊन सांगा की पोरांना शर्ट काढायला लावू नका, आणि पाडलेलं नाव वर्गात कुणी घ्यायचं नाही. सरकारी दवाखान्यात किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथे मुलाला एकट्यानं डॉक्टरांशी बोलता येतं. आपण बाहेर बाकावर बसायचं.

ताईंच्या मुलाला तपासलं तेव्हा दुसरा काही आजार निघाला नाही. एक वर्ष झालं. उजवी बाजू बसली, डावीकडे अजून थोडं आहे, पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा दाखवायचंय. तो आता चुलतभावाबरोबर पहाटे विहिरीवर जातो, कुणी यायच्या आत. कर्ज त्यांनी शेवटी दोन हजारच घेतलं, एसटीचं भाडं आणि रक्ताच्या तपासण्यांपुरतं. रजिस्टरच्या कारणाच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, "मुलाची तपासणी."