डिझेल फिल्टर बदलण्यापूर्वी

लोणीच्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गाळप हंगाम १९५०-५१ चा. आज अहिल्यानगर जिल्ह्यात हंगामभर उसाचे ट्रक धावतात. वाटेत फिल्टर तुंबला की चालक घाईने पाना उचलतो. नव्या कॉमन रेल इंजिनात उच्च दाबाच्या नळीतील डिझेलचा दाब हवेच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक असतो. तेथील बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम क्षुल्लक दिसते, पण बोट गमवावे लागते. तत्काळ रुग्णालय गाठावे.

फिल्टर कमी दाबाच्या बाजूस असतो. तरीही इंजिन बंद करून पुस्तिकेतील अवधी जाऊ द्यावा, इंजिन निवू द्यावे. विडी तर दूरच ठेवावी! चष्मा लावून, सांध्याभोवती फडके धरून हवेचा स्क्रू सावकाश सैल करावा. उच्च दाबाच्या नळीस हात लावू नये. नवा फिल्टर बसविल्यावर हातपंपाने हवा काढावी.