हिरड्याचा भाव आणि भावाची वार्ता

जुन्नरहून पश्चिमेस जाणारा रस्ता सह्याद्रीच्या कड्याला भिडतो, तेथे जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी घाटघर हे गाव वसले आहे. गावालगतच नाणेघाट. कल्याण व सोपारा या बंदरांतून आलेला माल सातवाहन काळात याच वाटेने जुन्नरच्या पेठेत चढत असे. घाटमाथ्याच्या लेण्यात नागनिका राणीचा म्हणून प्रसिद्ध असलेला ब्राह्मी लिपीतील शिलालेख आहे. कोणते यज्ञ केले, दक्षिणा म्हणून किती गाई, घोडे, हत्ती व कार्षापण दिले, ते त्यात आकड्यांसह नोंदलेले आहे. मागील भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज त्यांची कोरलेली नावे आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. येणारा-जाणारा ज्या वाटेने हमखास जाणार, त्याच वाटेवर हा मजकूर कोरला गेला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्यास अक्षरओळख नव्हती, त्याच्यासाठी मूर्ती होत्याच!

याच मुलखातील हिरड्याच्या व्यापारात मात्र वार्ता आणि व्यवहार यांची गाठ पुष्कळदा पडत नाही.

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी कुटुंबांना भातशेतीच्या जोडीला हिरड्याचा मोठा आधार आहे. झाडे काही मालकीच्या जमिनीत, काही वनात. कोवळे फळ तोडून उन्हात वाळविले की काळा, सुरकुतलेला बाळहिरडा तयार होतो. तो औषधात जातो. पुढे फळ भरत गेले की चांभारी आणि पूर्ण पिकले की सुरवारी. चांभारी हे नावच त्याचे गिऱ्हाईक सांगते, कारण हिरड्यातील टॅनिन कातडी कमाविण्यास उपयोगी पडते. सुरवारी हिरडा आवळा व बेहड्यासह त्रिफळा चूर्णात असतो. अर्थात एकाच झाडाचे फळ कधी तोडले यावर त्याची जात, गिऱ्हाईक आणि मोल ठरते. फांदीवर चढून जिवाच्या कराराने फळ तोडणाऱ्याला नेमकी ही माहिती तोडणीपूर्वी हवी असते. तोडल्यानंतर कळलेला भाव त्याच्या काय कामाचा?

या मालात आदिवासींची लुबाडणूक होऊ नये म्हणून शासनाने फार पूर्वीच पावले उचलली. महाराष्ट्र राज्य सहकारी आदिवासी विकास महामंडळ 1972 मध्ये स्थापन झाले. 1976 मध्ये आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्यासंबंधीचा कायदा झाला व त्याआधारे शेतमाल आणि गौण वनोपजाची एकाधिकार खरेदी योजना आली. महामंडळाच्या वतीने खरेदीचे काम आदिवासी विविध कार्यकारी सहकारी संस्थांकडे सोपविण्यात आले. योजनेचा हेतू निर्विवाद होता. परंतु हेतू चांगला असला तरी तो ज्याच्यासाठी आहे त्याच्या दारापर्यंत पोहोचावा लागतो, आणि दारात व्यापारी आधीच उभा असे.

व्यापाऱ्याची सरशी होते ती केवळ लबाडीमुळे, असे मानणे सोपे आहे, पण पुरते खरे नाही. तो आगाऊ उचल देतो, घरी येतो, भाव तोंडी सांगतो आणि पैसे तेथल्या तेथे मोजतो. त्याचा भाव कमी असेल. त्याची वार्ता मात्र स्पष्ट असते. उलट खरेदी केंद्र कोणत्या तारखेस उघडणार, बारदान कोणाचे, ओलाव्यापोटी किती घट धरणार, पैसे केव्हा मिळणार, यांतील एकही गोष्ट संदिग्ध राहिली तर गरजू माणूस वाट पाहत नाही. पावसाळ्यापूर्वी घरात धान्य भरावयाचे असते.

यास्तव खरेदी करणारी संस्था सहकारी असो, सरकारी असो की खासगी, हंगामापूर्वीची पहिली सूचना तोडणीच्या आधी वाडीवस्तीवर पोहोचली पाहिजे. कार्यालयाच्या फलकावर लावलेले परिपत्रक घाटघरच्या माणसाने वाचावे अशी अपेक्षा धरणे रास्त नव्हे. आठवड्याचा बाजार, एस. टी.चा थांबा, शाळा, ग्रामसभा ही खरी ठिकाणे होत. भाषेचेही तसेच. ‘विहित आर्द्रतेचा माल स्वीकारण्यात येईल’ या वाक्याने काहीच बोध होत नाही. त्याऐवजी घेण्याजोगा व न घेण्याजोगा अशा दोन्ही प्रकारच्या मालाचे नमुने दोन बरण्यांत भरून केंद्रावर ठेवले, तर हाताने चाचपून कोणासही फरक कळेल. मालाला घट धरली तर ती किती व का, हे पावतीवर लिहिलेले असावे. पैसे लांबणार असतील तर तेही वेळीच सांगावे. उशीर एकवेळ सोसला जातो, मौन सोसले जात नाही. पुढच्या हंगामात मग माल केंद्राकडे फिरकतच नाही.

दुसऱ्या टोकाच्या गिऱ्हाइकाचीही गरज असते. औषधाच्या कारखान्याला माल एकजात हवा. बाळहिरड्यात भरलेले फळ मिसळले, की सारे पोते हलक्या दराने जाते. ही तक्रार कारखान्यातून संस्थेकडे आणि संस्थेकडून तोडणाऱ्यापर्यंत आली नाही, तर दर का उतरला हे त्याला कळत नाही. आपणास फसविले एवढेच तो धरून चालतो.

आता तर ग्रामसभेकडेच मोठी जबाबदारी आली आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील मालकी हक्क मान्य केला आणि 2012 च्या सुधारित नियमांनी त्याचा वाहतूक परवाना देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे आणले. म्हणजे कालपर्यंत भाव विचारणारे गाव आज स्वतः भाव मागू शकते. त्यासाठी दूरच्या खरेदीदाराला पत्र लिहावे लागते आणि त्यात माल किती, कोणत्या प्रकारचा, कधी तयार होईल व गाडी कोठवर येईल, एवढे सांगावे लागते. त्यासाठी गावातील झाडांची व उत्पन्नाची नोंद हवी.

ही नोंद अन्य कारणानेही लागते. 3 जून 2020 रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर व आंबेगावच्या पश्चिम भागातील हिरड्याची झाडे मोडली, उन्मळली. भरपाईचा प्रश्न त्यानंतर रेंगाळला व त्यासाठी आदिवासी शेतकऱ्यांना आंदोलने करावी लागली. पीक वा फळबाग यांच्या रूढ चौकटीत रानचे झाड सहजी बसत नाही. कोणाच्या बांधावर किती झाडे, वनातील कोणती झाडे कोणत्या घराच्या वहिवाटीची, वर्षाला सरासरी किती फळ, हे सारे गावाला तोंडपाठ असते. ते वहीत उतरवून ग्रामसभेच्या ठरावासह त्याची एक प्रत तलाठ्याकडे, एक वन खात्याकडे आणि एक घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे द्यावयाची, तर ते काम मृगाचा पाऊस सुरू होण्याआधीच उरकावे लागते.