मोंढ्यातला संगणक, लेखांक ७ : कोणत्या साइट उघडू द्यायच्या?

मागच्या आठवड्यात पासवर्ड पाहिले. आज वेब फिल्टरिंग.

परभणी, मानवत, सेलूच्या मोंढ्यात अडत दुकानाचा जीएसटी, बँकेचं आरटीजीएस आणि शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या बहुधा एकाच संगणकावर असतात. गर्दी ओसरली की त्याच संगणकावर एखादा सिनेमाही उतरवला जातो. मला खरा धोका इथेच दिसतो.

मुनिमाने लिंक दाबली की संगणक आधी डीएनएस सर्व्हरला विचारतो, या नावाच्या साइटचा आकडी पत्ता काय? फिल्टर इथेच काम करतो. नाव फसव्या साइटच्या यादीत असेल तर तो पत्ता देतच नाही आणि पान उघडत नाही. मालवेअर आधीच आत शिरलं असेल, तर बाहेरच्या सूत्रधाराच्या सर्व्हरचा पत्ता विचारतानाही ते पुष्कळदा असंच अडतं. 'क्वाड नाइन' ही सेवा २०१७पासून हे काम फुकट करते. राउटरच्या डीएनएसच्या रकान्यात ९.९.९.९ भरलं की दुकानातल्या वायफायवरचे मोबाइलही तिच्या कक्षेत येतात. कोणी मोबाइल डेटा वापरला किंवा ब्राउझरने स्वतःचा वेगळा डीएनएस धरला, तर मात्र फिल्टर बाजूला पडतो.

पण आज सकाळी उभी राहिलेली बनावट साइट दुपारपर्यंत पुष्कळदा कुठल्याच यादीत नसते. म्हणून हिशोबाच्या संगणकावर मी उलटी यादी सुचवेन. जीएसटी, आयकर, आपली बँक, लागेल ते सरकारी पोर्टल, सॉफ्टवेअरचे अपडेट एवढंच उघडावं, बाकी सगळं बंद. सुरुवातीचे काही दिवस मुनीम कुरकुर करेल, एखादी गरजेची साइट अडेल, ती यादीत घालावी. सिनेमासाठी फोन आहेच.

बँकांपुरतं खरी साइट ओळखण्याचं काम आता सोपं झालं आहे. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत सर्व बँकांना 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर यायला सांगितलं होतं. हे शब्द साइटच्या नावाच्या अगदी शेवटी, 'https://' नंतरच्या पहिल्या तिरक्या रेषेच्या लगेच आधी हवेत. त्यांच्यापुढे आणखी 'डॉट कॉम' वगैरे जोडलेलं असेल तर साइट बँकेची नव्हे.

मालवेअर हे फक्त मोठ्यांचं दुखणं आहे असं कोणी म्हणू नये. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस या सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत मालवेअर शिरलं आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, काही तर कोल्हापुरातूनही. बँकेत निदान सुरक्षेचा वेगळा विभाग असतो. अडत दुकानात ते काम मालकालाच करावं लागतं.

फोनवर गोड बोलून कोणी ओटीपी काढून घेतला, तर फिल्टरला त्याचा पत्ताही लागत नाही. अशा वेळी ताबडतोब सायबर गुन्ह्यांच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोचली, तर ते गोठवता येतात.