बारा व्होल्टपलीकडचा करार

डोंबिवलीच्या कल्याण-शिळ रस्त्यावर ‘प्रीमियर’ हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मूळ कारखाना कुर्ल्याचा. फियाट ११०० आणि पुढची पद्मिनी तिथलीच. १९९४ पासून काही वर्षे कल्याण-डोंबिवली परिसरात या कंपनीच्या भागीदारीत प्यूजो ३०९ ही फ्रेंच मोटार तयार झाली. मोटार कारखाना बॅटरी सहसा बाहेरच्या उत्पादकाकडून घेतो. म्हणून ती कशी हवी, हे दोघांना आधी कागदावर ठरवावे लागते. गाडीचा भरवसा बऱ्याच अंशी त्या कागदावर असतो.

सुरुवातीच्या अनेक मोटारींना बॅटरीची फारशी गरज नव्हती. हँडल मारून इंजिन सुरू व्हायचे, ठिणगी मॅग्नेटो द्यायचा, दिवे रॉकेलचे किंवा ॲसिटिलीनचे. प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसे-आम्ल बॅटरी शोधली होती. पण मोटारीत तिचे महत्त्व वाढले ते १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आल्यावर. आता बॅटरीने काही क्षणांत मोठा विद्युतप्रवाह द्यायचा होता. ‘चांगली बॅटरी द्या’ एवढे सांगून भागेना.

पहिली अट व्होल्टची. एक सेल सुमारे दोन व्होल्टचा, म्हणून सहा सेलची बॅटरी बारा व्होल्टची. दुसरी क्षमतेची, आणि ती वेळेशी बांधलेली हवी. वीस तासांच्या दराने ६० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे व्होल्टेज १०.५ वर येईपर्यंत वीस तास ३ अँपिअर देणारी. तीच बॅटरी पूर्ण तासभर ६० अँपिअर देऊ शकत नाही. प्रवाह वाढला की हाती येणारी क्षमता घटते. म्हणून सेल्फ मारताना लागणारा प्रवाह वेगळा लिहावा लागतो. प्यूजो ३०९ पेट्रोल आणि डिझेल अशा दोन्ही इंजिनांत मिळत असे. डिझेल इंजिनात हवा जास्त दाबली जाते आणि ग्लो प्लगही वीज खातात. त्यामुळे त्याला अधिक दमदार बॅटरी लागते.

मग हवामान. थंड देशांत सेल्फची चाचणी उणे १८ अंशांवर होते. ठाणे-कल्याणच्या गाडीला ती थंडी भेटत नाही. तिचा शत्रू बॉनेटखालची उष्णता. तापमान वाढले की प्लेटची झीज वेगाने होते आणि पाणी लवकर आटते. म्हणून पूर्ण चार्ज बॅटरीतल्या ॲसिडची घनता थंड प्रदेशात १.२८ ठेवली, तरी उष्ण प्रदेशासाठी ती १.२४ च्या आसपास ठेवण्याची पद्धत आहे. परदेशी आराखडा जसाच्या तसा उचलला, तर हा मुद्दा हातून सुटतो.

उरलेल्या अटी साध्या वाटतात, पण गाडी अडवतात: लांबी-रुंदी-उंची, धन टर्मिनल कोणत्या बाजूला, पट्टी वरून आवळायची की तळाशी, बॅटरी ॲसिड भरून येणार की ड्राय चार्ज. सर्वांत मोलाची अट चाचणीची. किती तापमानाला, किती प्रवाहाने, किती वेळ आणि कोणत्या व्होल्टपर्यंत, हे लिहिले नसेल तर दोन्ही बाजूंचे आकडे खरे असूनही भांडण मिटत नाही.

नवी बॅटरी घेताना आपणही दुकानदाराला अँपिअर-तासाबरोबर सेल्फचा प्रवाह, टर्मिनलची बाजू आणि उत्पादनाचा महिना विचारावा. कारखान्याने आपल्या वतीने एकदा विचारलेले हे प्रश्न पुढच्या प्रत्येक बॅटरीच्या वेळी आपल्यालाच विचारायचे असतात.