साडेचार स्टार नेमकं काय सांगतात?

मोबाइल गेमवरून घरात वाद झाला की एक वाक्य हमखास येतं: ‘चार पॉइंट पाच रेटिंग आहे, दहा कोटी लोकांनी घेतलाय, वाईट कसा असेल?’ मुलगा आईला हे ऐकवतो, भाऊ बहिणीला ऐकवतो, आणि ‘या महिन्यातले सर्वोत्तम गेम’ अशा याद्या करणारेही पुष्कळदा एवढ्याच भांडवलावर यादी करतात. आकडे बहुतेक वेळा खरेच असतात. त्यांच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा असतो, आणि तो इतक्या खात्रीने सांगितला जातो की तो एकदा सविस्तर खोडून काढणं भाग आहे.

आधी डाउनलोडचं बघू. प्ले स्टोअर नेमका आकडा दाखवत नाही. १ कोटी+, ५ कोटी+, १० कोटी+ असे टप्पे दाखवतं. गेम घेऊन पाच मिनिटांत काढून टाकणाराही त्यात मोजलेला असतो. किती जण खेळत राहिले, हे तिथे कुठेच कळत नाही. गेम बनवणाऱ्या कंपन्या स्वतः तरी या आकड्यावर कुठे विसंबतात? पहिल्या दिवशी आलेल्यांपैकी दुसऱ्या, सातव्या आणि तिसाव्या दिवशी किती परत आले, यावर त्यांची नजर असते. ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ बनवणारी फिनलंडची सुपरसेल नवा गेम आधी मोजक्याच देशांत सोडते आणि तो टिकणार नाही असं दिसलं तर सरळ बंद करते. ‘रश वॉर्स’ २०१९मध्ये असाच जगभर पोहोचण्याआधी गुंडाळला गेला. हे परतीचे आकडे कंपनीकडे असतात, खेळणाऱ्याला ते दिसत नाहीत.

शिवाय गेम न बदलताही आकडा बदलतो. ‘अमंग अस’ हा गेम इनरस्लॉथ या छोट्याशा अमेरिकी कंपनीने जून २०१८मध्ये आणला, तेव्हा एका वेळी तो खेळणारे जेमतेम काही डझन लोक असत. २०२०च्या मध्यावर, लोक घरात अडकलेले असताना, थेट प्रक्षेपण करणारे लोकप्रिय खेळाडू तो खेळू लागले आणि काही महिन्यांत तो जगातल्या सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या गेमांत जाऊन बसला. मित्रांमधला लबाड ओळखण्याचा मूळ खेळ दोन वर्षांपूर्वी होता तोच होता. डाउनलोडवरून दर्जा ठरवायचा तर २०१८मध्ये तो टाकाऊ होता आणि २०२०मध्ये उत्तम झाला, असं म्हणावं लागेल.

याहून बोलकं उदाहरण ‘थ्रीज’ आणि ‘२०४८’ यांचं आहे. अॅशर व्हॉलमर आणि ग्रेग वोलवेंड यांनी वर्षाहून अधिक काळ खपून, कित्येक कल्पना करून बघून आणि टाकून देऊन, आकड्यांच्या फरश्या सरकवण्याचा ‘थ्रीज’ फेब्रुवारी २०१४मध्ये विकायला आणला. काही आठवड्यांत त्याच्या नकला निघाल्या. मार्चमध्ये गाब्रिएले चिरुली या १९ वर्षांच्या इटालियन तरुणाने नकलेवरून सुचलेला ‘२०४८’ शनिवार-रविवारच्या सुटीत लिहून फुकट देऊन टाकला. त्याच वर्षी अॅपलने ‘थ्रीज’ला आयफोनचा वर्षातला सर्वोत्तम गेम ठरवलं, पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते ‘२०४८’चं. ‘२०४८’ लोकांना आवडला, यात चूक काहीच नाही. पण ‘थ्रीज’ची आखणी जास्त खोल आहे. तिथे एक ठरावीक डावपेच पकडून फार पुढे जाता येत नाही, तर ‘२०४८’मध्ये सगळ्या फरश्या एका कोपऱ्यात रचत गेलं की बराच पल्ला गाठता येतो. हा फरक डाउनलोडच्या आकड्यात शोधूनही सापडत नाही.

आता स्टार. इथला गैरसमज जास्त चिवट आहे, कारण स्टार पाहिले की कुणीतरी परीक्षा घेऊन गुण दिल्यासारखं वाटतं. मत कोण देतं आणि कधी देतं, हे आधी लक्षात घ्यायला हवं. बहुतेक खेळाडू स्टार देतच नाहीत. जे देतात त्यांना गेम सहसा लेव्हल जिंकल्यावर विचारतो, हरल्यावर नाही. अॅपलने २०१७मध्ये ही विचारणा वर्षातून तीनच वेळा करण्याची मर्यादा घातली, पण ते तीन क्षण कोणते, हे गेमच ठरवतो. विचारलं नसताना आपणहून मत द्यायला येणाऱ्यांत रागावलेले पुष्कळ असतात, आणि त्यांचा राग गेमवरच असेल असं नाही.

२०१४मध्ये लंडनच्या असटू गेम्सने ‘मॉन्युमेंट व्हॅली’ आणला. दृष्टिभ्रमांनी रचलेल्या या कोड्याला अॅपलचा डिझाइन पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नव्या लेव्हल आल्या, त्यांची किंमत दोन डॉलर होती. लगेच एक-एक स्टारची रांग लागली. या लोकांची तक्रार लेव्हलबद्दल नव्हतीच. जादा पैसे मागितले म्हणून ते चिडले होते. २०२१मध्ये ‘गेनशिन इम्पॅक्ट’च्या पहिल्या वाढदिवसाला कंपनीने दिलेल्या भेटी चाहत्यांना तुटपुंज्या वाटल्या आणि प्ले स्टोअरवरचं त्याचं रेटिंग काही दिवसांत दोनच्या खाली आलं. कंपनीने आणखी भेटी जाहीर केल्या. त्या आठवड्यात गेममध्ये काहीही बिघडलेलं नव्हतं.

आपल्याकडचं ठळक उदाहरण ‘फौजी’. पब्जीवर सप्टेंबर २०२०मध्ये बंदी आली आणि दोनच दिवसांत या गेमची घोषणा झाली. २६ जानेवारी २०२१ला तो आला तेव्हा त्यात गलवानची कथा आणि हातघाईची लढाई होती; पब्जीसारखा शेवटचा उरेल तो जिंकण्याचा खेळ नव्हता. देशप्रेमाने पाच स्टार देणारे आणि पब्जी मिळाला नाही म्हणून एक स्टार देणारे समोरासमोर आले, आणि सुरुवातीचं उंच रेटिंग भराभर घसरलं. उणिवा खऱ्याच होत्या, पण त्या पाच स्टारांतून कळत नव्हत्या आणि एका स्टारातूनही नाहीत. आणि २०१७मध्ये तर स्नॅपचॅटच्या प्रमुखाच्या कथित वक्तव्यावर चिडलेल्या असंख्य भारतीयांनी नावातल्या साम्यामुळे स्नॅपडील या वेगळ्याच ॲपला एक-एक स्टार देऊन टाकला. या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्याने निदान एवढी गोष्ट तरी विसरू नये.

प्ले स्टोअरवर दिसणारा आकडा साधी सरासरीसुद्धा नसतो. २०१९पासून गूगल अलीकडच्या मतांना जास्त वजन देतं आणि नोव्हेंबर २०२१पासून फोनवर ज्या त्या देशाचं रेटिंग दाखवतं. एकाच गेमपुढे पुण्यातल्या बहिणीला एक आकडा दिसेल आणि न्यू जर्सीतल्या भावाला दुसरा.

रेटिंग म्हणून निरुपयोगी ठरत नाही. ते अचानक घसरलं असेल तर ताज्या अपडेटने काहीतरी मोडलंय, जाहिराती वाढल्यात किंवा किंमत बदललीय, हा अंदाज बांधता येतो. नेमकं कारण दोन आणि तीन स्टारवाल्यांच्या सगळ्यात नव्या मतांत मिळतं. ही माणसं गेम बऱ्यापैकी खेळलेली असतात आणि कुठे अडलं ते लिहितात: चाळिसाव्या लेव्हलनंतर पैसे दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, जुन्या फोनवर गेम बंद पडतो, प्रत्येक डावानंतर तीस सेकंदांची जाहिरात येते.

त्याहून चांगली कसोटी म्हणजे स्वतः अर्धा तास खेळणं, आणि तेवढ्यात गेम काय काय मागतो ते बघणं. आपण हरलो ते स्वतःच्या चुकीने, की पुढचं हत्यार विकत घेतलं नाही म्हणून? ‘कँडी क्रश’मध्ये पाच जीव संपले की एकेक जीव परत यायला तीस मिनिटं लागतात. थांबा, मित्राकडे मागा किंवा पैसे द्या. ही रचना माणूस दिवसभर परत येत राहावा यासाठीच आहे आणि त्या कामात ती वाकबगार आहे. पण परत यावंसं वाटणं म्हणजे गेम चांगला असणं नव्हे. हनोईच्या डाँग न्युएनला हे स्वतःच्या गेमबाबत जाणवलं. त्याचा ‘फ्लॅपी बर्ड’ २०१४च्या सुरुवातीला पहिल्या क्रमांकावर होता. लोकांना त्याचं व्यसन लागतंय, असं सांगून त्याने फेब्रुवारीत तो स्वतःच काढून घेतला.

बाकीचे गैरसमज थोडक्यात आटोपतात. ‘जाहिरातीत दिसतो तोच गेम’: ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने सप्टेंबर २०२०मध्ये ‘होमस्केप्स’ आणि ‘गार्डनस्केप्स’च्या खिळे ओढण्याच्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या, कारण मुख्य खेळ तीन सारख्या वस्तू जुळवण्याचा आहे. ‘ग्राफिक्स भारी तर गेम भारी’: टाळेबंदीत घराघरांत पोहोचलेला ‘लुडो किंग’ नवी मुंबईतल्या कंपनीचा, आणि त्यात चार रंग, एक फासा आणि सोंगट्या याहून जास्त काही नाही. ‘कोडी खेळून बुद्धी तल्लख होते’: असे दावे पुरेशा पुराव्याशिवाय केले म्हणून ‘लुमॉसिटी’च्या कंपनीला अमेरिकेत जानेवारी २०१६मध्ये २० लाख डॉलर भरावे लागले. ‘कौशल्याचा असेल तर पैसे लावून खेळायला हरकत नाही’: ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने केलेला कायदा पैशांच्या ऑनलाइन गेमांत कौशल्य आणि नशीब असा भेदच ठेवत नाही. आणि ‘फुकट गेमला पैसे लागत नाहीत’: मुलांनी पालकांच्या नकळत केलेल्या खरेदीपोटी अॅपलला २०१४मध्ये किमान ३.२५ कोटी डॉलर परत करायचं कबूल करावं लागलं. आत काय विकायला ठेवलंय त्याच्या किमती प्ले स्टोअरवर गेमच्या माहितीत सर्वांत कमी ते सर्वांत जास्त अशा दिलेल्या असतात. डाउनलोडचं बटण दाबण्याआधी त्या तिथेच वाचता येतात.