लिहिणारी उसाला गेली तर?

दिवाळी सरली की आपल्या बीड जिल्ह्यातून कोयते निघतात. गटाचं दप्तर लिहिणारी बाईही कधी त्यात असते. दप्तर घरी राहतं, हिशोबाची रीत मात्र तिच्याबरोबर कारखान्यावर जाते. म्हणून आम्ही गटांना सांगतो, ती निघण्याआधी तिच्याकडून काम मोबाईलमध्ये बोलून घ्या.

एका रेकॉर्डिंगमध्ये एकच काम, दोन-तीन मिनिटांत. व्याजाचंच घ्या. कर्ज ५,००० रुपये, महिन्याला शेकडा २ रुपये व्याज, दरमहा १,००० मुद्दल फेड. पहिल्या महिन्याचं व्याज १००. मग बाकी ४,०००, म्हणून ८०. पुढे ६०, ४०, २०. एकूण ३००. नवख्या लिहिणारीनं दरवेळी ५,००० वरच व्याज धरलं तर होतात ५००. म्हणजे २०० रुपये जास्तीचे, तेही आपल्याच गटातल्या बाईच्या पदरचे! ‘उरलेल्या मुद्दलावर व्याज’ हे दोनदा बोला.

कुणाचं नाव, खातं घेऊ नका. पुस्तकी भाषा तर नकोच, ती ऐकून बाया मोबाईल बाजूला ठेवतात. जिला दप्तर येत नाही तिला ऐकवा, एक पान लिहायला लावा. ती अडेल तिथं पुन्हा बोला. मगच ग्रामसंघाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. सुरुवातीला तारीख सांगा, कारण व्याजदर बैठकीत बदलू शकतो.

अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेत १९८४ साली निरक्षर बायाही व्हिडिओ करायला शिकल्या. आपल्या बँकसखी, पशुसखींनीही आपलं काम असं बोलून ठेवावं. पशुसखीनं औषधाचं प्रमाण मात्र जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच सांगावं.